किमान वेब-चौकटीचा प्रारंभपाठ : रॅटपॅकच्या निमित्ताने एक चिकित्सा

प्रस्तावना

कोणतीही संगणकीय चौकट शिकताना विद्यार्थ्याची पहिली भेट होते ती तिच्या प्रारंभपाठाशी. हा पाठ केवळ कृतींची यादी नसून ते एक अध्यापनपर लेखन असते. म्हणून त्याचीही समीक्षा व्हावयास हवी. प्रस्तुत लेखात जावा व ग्रूव्ही या भाषांसाठी असलेल्या रॅटपॅक या किमान वेब-चौकटीच्या प्रारंभपाठाचा विचार पदवी वर्गाच्या दृष्टीने केला आहे.

स्वरूप

रुबी भाषेतील सिनात्रा (२००७) या चौकटीने 'मार्ग नोंदवा, उत्तर द्या' ही सुटसुटीत रीत रूढ केली. रॅटपॅकने तिच्यापासूनच प्रेरणा घेतली; तिची १.० आवृत्ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. सर्व्हलेट कंटेनरची मांडामांड न करता ग्रूव्हीच्या पाचसहा ओळींत सर्व्हर सुरू होतो आणि ५०५० या पोर्टवर उत्तर मिळते. पहिल्याच तासाला मिळणारे हे यश विद्यार्थ्याचा आत्मविश्वास वाढविते, हे मान्यच करावे लागेल.

चिकित्सा

परंतु ओळी कमी म्हणजे संकल्पना कमी, असे नव्हे. 'ग्रॅब' ही एक ओळ लागणारी ग्रंथालये पहिल्या खेपेस जालावरून उतरवून घेते. प्रयोगशाळेतील जोडणी खंडित असल्यास तोच पाठ निष्फळ ठरतो व कारण विद्यार्थ्यास उमगत नाही. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. रॅटपॅक नेटीवर आधारित असून मोजक्या थ्रेडवर अनेक विनंत्या हाताळते. विद्यार्थ्याने सवयीप्रमाणे डेटाबेसची थेट विचारणा केली, तर त्या थ्रेडवरील इतर विनंत्याही खोळंबतात. अशी कामे 'ब्लॉकिंग'कडे सोपवून 'प्रॉमिस' घ्यावे लागते. पाचसहा ओळींच्या पाठात याची चाहूलही लागत नाही.

तिसरी बाब आपल्या भाषेची. पनवेल-रोहा लोहमार्गावरील आपटा, जिते, पेण, रोहा ही स्थानके देवनागरीत देणारी छोटी सेवा विद्यार्थ्यास करावयास द्यावी. 'जिते' हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये तो चार चिन्हांचा आणि यूटीएफ-८ मध्ये बारा बाइटचा होतो. जावाच्या १८व्या आवृत्तीपूर्वी (२०२२) मूळ संकेतन संगणकप्रणालीनुसार बदलत असे. त्यामुळे जुन्या आवृत्तीवर संकेतन स्पष्ट न दिल्यास मराठी मजकुराची चिन्हे विस्कटू शकतात. इंग्रजी 'हॅलो वर्ल्ड' ही अडचण कधीच उघड करीत नाही.

निष्कर्ष

सारांश, दोष चौकटीचा नसून पाठ जेथे थांबतो त्या जागेचा आहे. कार्यक्रम चालला, एवढ्यावर प्रात्यक्षिकाचे गुण देणे म्हणजे नकलेस गुण देणे होय. अध्यापकांनी प्रारंभपाठाला दोन प्रश्न जोडावेत : विनंती कोणत्या थ्रेडवर थांबली, आणि 'जिते' किती बाइटचे झाले? याची उत्तरे देणाऱ्या विद्यार्थ्याचाच खऱ्या अर्थाने प्रारंभ झाला, असे म्हणता येईल.