आमंत्रण आणि आज्ञा : मॉस्कोतील यूरी दोल्गोरुकीचे शिल्प

नगर एका दिवसात जन्मत नाही. स्मारकशिल्पाला मात्र एकच क्षण निवडावा लागतो. तो क्षण कोणता निवडला गेला, यावरून निवडणाऱ्याची इतिहासदृष्टी कळते. मॉस्कोच्या त्वेर्स्काया चौकातील यूरी दोल्गोरुकीचे अश्वारूढ शिल्प या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

मॉस्कोचा पहिला लिखित उल्लेख इ. स. ११४७ चा आहे. इपातियेव इतिवृत्तात दोल्गोरुकी आपला मित्र राजा स्व्यातोस्लाव ओल्गोविच यास मॉस्कोस बोलावतो आणि मेजवानी देतो, एवढाच तो प्रसंग. नगर वसविल्याचा निर्देश तेथे नाही. उलट पाहुण्यास बोलवावे अशी वस्ती तेथे आधीच होती, असे अनुमान निघते. तटबंदीची नोंद ११५६ ची. उत्तरकालीन दंतकथा तर सांगते की, ही भूमी कुच्का नावाच्या सरदाराची होती व दोल्गोरुकीने त्यास ठार करून ती घेतली.

सेर्गेई ओर्लोव व त्यांच्या सहकाऱ्यांनी यांतील काहीच घेतले नाही. त्यांचा राजा यजमान नाही. तो चिलखत व शिरस्त्राण धारण केलेला योद्धा आहे. उजवा हात पुढे करून तो खाली जमिनीकडे निर्देश करतो. इतिवृत्तातील ‘ये’ शिल्पात ‘येथेच’ होते. आमंत्रणाची आज्ञा होते. चौथऱ्यावरील लेख त्याला ‘संस्थापक’ म्हणून मोकळा होतो. एरवी जड वाटणाऱ्या या शिल्पात तो हातच खरा बोलका आहे, हे मान्य करावयास हवे.

कोनशिला १९४७ साली, अष्टशताब्दीच्या सोहळ्यात बसली. अनावरण १९५४ मध्ये झाले. महायुद्धोत्तर सोव्हिएत सत्तेला मेजवानीपेक्षा आज्ञा जवळची वाटली, यात नवल नाही. याच चौकात १९१२ पासून जनरल स्कोबेलेव यांचा पुतळा होता. तो १९१८ मध्ये हटवून क्रांतीचा स्मारकस्तंभ उभारला गेला, आणि तोही १९४१ मध्ये पाडण्यात आला. क्रांतीच्या जागी राजा आला, हा तपशील शिल्पाच्या कोणत्याही अलंकरणापेक्षा अधिक बोलतो. समोर आज महापौरांचे कार्यालय आहे.

‘दोल्गोरुकी’ म्हणजे लांब हाताचा. दूरच्या प्रदेशांवर सतत डोळा असल्याने हे नाव पडले, असे सामान्यतः मानले जाते. त्याची आयुष्यभराची आकांक्षा कीवच्या गादीची होती. ती मिळाल्यावर ११५७ मध्ये तो कीव येथेच मरण पावला आणि तेथेच त्याचे दफन झाले. शिल्पातील हात मात्र कीवकडे जात नाही. तो घोड्याच्या पायाखालच्या मातीकडेच वळविलेला आहे.