‘सेटल’ या क्रियापदाचे मराठी पर्याय आणि ‘पुनर्वसन’

इंग्रजीतील ‘सेटल’ हे क्रियापद नित्याच्या वापरातले असले, तरी त्याला मराठीत एकच प्रतिशब्द देता येत नाही. कर्ता व कर्म बदलले की मराठी क्रियापदही बदलते. गाळ तळाशी बसतो, गढूळ पाणी निवळते, तंटा मिटतो, हिशेब चुकता होतो, लग्नाची तारीख ठरते, व्यापाऱ्याचे बस्तान बसते आणि माणसे नव्या गावी वसतात. कोशात हे सारे पर्याय एका शब्दाखाली मांडले, म्हणजे ते परस्परांचे समानार्थी आहेत असा भास होतो. वस्तुतः त्यांचे दोन भिन्न गट पडतात.

‘मिटविणे’, ‘चुकता करणे’, ‘निकालात काढणे’ हा पहिला गट होय. ही क्रियापदे सकर्मक आहेत. त्यांनी दर्शविलेली कृती एखादा अधिकारी वा पंच करू शकतो आणि ती पूर्ण झाल्याची तारीख सांगता येते. ‘वसणे’, ‘स्थिरावणे’, ‘जम बसणे’ हा दुसरा गट. ही क्रियापदे अकर्मक आहेत. ‘वसविणे’ असे प्रयोजक रूप होते खरे. परंतु वसविणाऱ्याने कितीही केले, तरी वसण्याची क्रिया वसणाऱ्याचीच राहते आणि तिला काळ लागतो. इंग्रजी क्रियापदाचे मूळ ‘आसन’ या अर्थाच्या जुन्या शब्दात असल्याने ‘बसणे’ त्याला अर्थाने जवळचे आहे. मात्र इंग्रजीने एकाच शब्दात सामावलेले हे दोन गट मराठीने वेगळे ठेवले आहेत.

राज्यकारभाराच्या मराठीने हा भेद पूर्वी जाणला होता. १८४७ साली मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीचा पाया घालणारा विंगेट, गोल्डस्मिड व डेव्हिडसन यांचा संयुक्त अहवालही सादर झाला. त्या व्यवस्थेतील ‘सेटलमेंट’ला मराठीत ‘जमाबंदी’ हा महसुली शब्द रूढ झाला व ‘जमाबंदी आयुक्त’ हे पदनाम आजही टिकून आहे. या शब्दात वसण्याचा मागमूस नाही. सरकार जमा ठरविते, एवढेच तो सांगतो. म्हणूनच तो प्रामाणिक आहे.

‘पुनर्वसन’ या शब्दाविषयी तसे म्हणता येत नाही. महाराष्ट्राच्या १९७६ च्या कायद्याच्या इंग्रजी नावात ‘रीसेटलमेंट’ होते. १९८६ व १९९९ च्या कायद्यांच्या नावांत त्याजागी ‘रीहॅबिलिटेशन’ आले. दुसऱ्या शब्दाच्या मुळाशी ‘समर्थ’ या अर्थाचे लॅटिन विशेषण आहे. गेलेले सामर्थ्य परत मिळवून देणे हा त्याचा आशय. रोजच्या मराठीत मात्र दोहोंसाठी ‘पुनर्वसन’च चालते. २०१३ च्या केंद्रीय कायद्यात दोन्ही इंग्रजी शब्द शेजारी आले, तेव्हा मराठीत ‘पुनर्वसन’ व ‘पुनर्वसाहत’ अशी जोडी करावी लागली. दोन्ही शब्द ‘वस्’ या एकाच धातूचे. त्यामुळे सामर्थ्याचा अर्थ दोहोंतूनही निसटला.

या निसटण्याचे गांभीर्य पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर ध्यानात येते. तारापूर अणुविद्युत केंद्राचे पहिले दोन संच १९६९ मध्ये कार्यान्वित झाले. प्रत्येकी ५४० मेगावॉटचे तिसरे व चौथे संच २००५-०६ मध्ये वीज देऊ लागले. या विस्तारासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठविण्यात आली, आणि त्यांच्या पुनर्वसनाचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. शेती व मासेमारी यांवर जगणाऱ्या कुटुंबाला भूखंड मिळाला, म्हणजे वसण्याची जागा मिळाली. शेत आणि होडी लावण्याचा किनारा तिच्याबरोबर आपोआप येत नाहीत. ‘पुनर्वसन झाले’ हे वाक्य कार्यालय पहिल्या गटातील क्रियापदाप्रमाणे वाचते, विस्थापित दुसऱ्या गटातील क्रियापदाप्रमाणे. शेजारच्या बोईसरात तर ‘वसाहत’ हा शब्द कारखान्यांच्या समूहालाही लागतो. ‘तारापूर औद्योगिक वसाहत’ म्हणताना कोणी वसले आहे की नाही, हा प्रश्नच उद्भवत नाही.

शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीने नव्हे, रूढीने ठरतो, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो रास्त आहे. २०१३ च्या कायद्याच्या अनुसूचीत घराबरोबर रोजगार वा वार्षिकी यांचीही तरतूद आहे. परंतु अनुसूची थोडेच वाचतात. शब्द सर्वांच्या तोंडी असतो आणि अपेक्षा तोच घडवितो. शिवाय ‘पुनर्वसन’ हे नाम असल्याने कोण वसले, कोणी वसविले व केव्हा, हे सांगण्याची जबाबदारी वाक्यावर उरत नाही.

यास्तव ‘पुनर्वसन’ टाकून नवा शब्द घडविण्याचे कारण नाही. नामाच्या जागी क्रियापदे लिहिली, म्हणजे पुरे. भरपाई चुकती झाली, घरे बांधून दिली, शाळा सुरू झाली, होड्या पुन्हा समुद्रात जाऊ लागल्या, ही चार वाक्ये निरनिराळी आहेत. पहिली तीन खरी असताना चौथे खोटे असू शकते. याच जिल्ह्यात वाढवण बंदराचा पायाभरणी समारंभ २०२४ मध्ये झाला, आणि मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेचे एक स्थानक बोईसरला योजलेले आहे. त्यांच्या कागदपत्रांतही ‘पुनर्वसन’ हा शब्द येणारच. तो वाचताना त्याचा कर्ता कोण, हे विचारण्याची सवय भाषेच्या अभ्यासकाने तरी सोडता कामा नये.