तांबडी चामडी आणि यंत्राचा ठेका

घरातील तरुण मंडळी हल्ली जे ऐकतात त्याला ‘गोंगाट’ म्हणून दार लावून घेण्याचा अधिकार आम्हां नाशिककरांना मुळीच नाही. मिरवणुकीत नाशिक ढोल घुमू लागला की छातीच्या फासळ्या हादरतात. ते सुख ज्याने चाखले त्याने यंत्राच्या ठेक्याला नाक मुरडावे, हा न्याय नव्हे.

क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ २०२४ साली निघाले, तेही स्पिनिन या डच कंपनीकडून! ‘हाऊस’ नावाच्या नृत्यसंगीतातले चार सारखे ठोके, खाली लवचीक खर्ज आणि वर रांगडी, निःसंकोच मराठी. आपला रंग लाजेने न झाकता ऐटीत मिरवावा, ही त्यातील मिजास मला फार आवडली. आपली भाषा असल्या तालाला राठ पडते, ही समजूत तर ‘चामडी’तल्या ‘च’ आणि ‘ड’ने पार मोडीत काढली. मात्र शब्द तालाचे चाकर झाले आहेत. पुन्हा ऐकताना पाय हलतात, मन जागचे हलत नाही.

म्हणूनच मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅप गाणाऱ्या चमूचे ‘द वारली रिव्होल्ट’ (२०१९) मला अधिक मोलाचे वाटते. आरेतील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज त्यात आहे. तेथे ताल जंगलाची कैफियत मांडतो. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक आयुष्यभर गावोगाव हेच करीत आले. साधने तेवढी निराळी.

आता नाशिकच्या ढोलावरच असे काही रचणारा कोणी निघाला, तर त्याची तबकडी मी पहिल्या दिवशी घेईन. तबकड्या आता कोण काढतो म्हणा!