मागोमेचे रान आणि आपले रान

जपान हे नाव आपल्या ख्रिस्ती घरांत प्रथम आले ते वसईच्या संत गोन्सालो गार्सिया यांच्यामुळे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्यांनी क्रुसावर प्राणार्पण केले. पुढे तोकुगावा शोगुनांनी परकीयांना दारे बंद केली आणि दोनशेहून अधिक वर्षे तो देश अलिप्त राहिला. ती दारे उघडल्यावर अवघ्या अर्ध्या शतकात जपान साम्राज्य कसे झाले, ही कथा आपल्याकडे बहुधा कौतुकाने सांगितली जाते: आगगाड्या, शाळा, आरमार, १९०५ साली रशियावर मिळवलेला विजय. शिमाझाकी तोसोन (१८७२-१९४३) यांची ‘योआके माए’, म्हणजे ‘पहाटेपूर्वी’, ही कादंबरी तीच कथा डोंगरातल्या एका गावातून सांगते. १९२९ ते १९३५ या काळात ती क्रमशः प्रसिद्ध झाली. विल्यम नाफ यांचा इंग्रजी अनुवाद १९८७ साली आला. धारणीसारख्या रानातल्या गावी राहणाऱ्यांनी ती अवश्य वाचावी, असे आम्हांस वाटते.

कादंबरीचा नायक आओयामा हान्झो हा किसो खोऱ्यातील मागोमे गावचा वंशपरंपरागत पाटील. एदो आणि क्योतो यांना जोडणारा डोंगरी मार्ग त्याच्या दारावरून जातो. सरदारांच्या लवाजम्याची उतरण्याची सोय करणे, हमाल व घोडी पुरवणे हे त्याच्या घराण्याचे काम. १८५३ साली अमेरिकेची काळी जहाजे आली, ती वार्ता याच रस्त्याने त्याच्यापर्यंत पोहोचते. त्याच वर्षी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. हान्झो हा हिराता पंथाच्या स्वदेशी विद्येचा अनुयायी. सम्राटाची सत्ता परत आली की प्राचीन काळची सरळ, न्यायी राजवट येईल आणि गोरगरिबांचे दिवस पालटतील, अशी त्याची श्रद्धा.

१८६८ साली सम्राटाची सत्ता आली, आणि कादंबरीचा गाभा येथून पुढे आहे. किसोच्या रानात हिनोकीसह पाच जातींची झाडे तोडण्यास सरदारी अमलातही सक्त बंदी होती. मात्र काही डोंगर गावकऱ्यांना मोकळे असत. नव्या सरकारने ही झाडे जेथे आढळतील ते सारे रान सरकारी ठरवले. त्याविरुद्ध अर्ज करण्यात हान्झो पुढाकार घेतो आणि आपले पद गमावून बसतो. टोकियोत सम्राटाच्या मिरवणुकीत तो आपली कविता लिहिलेला पंखा भिरकावतो आणि शिक्षा ओढवून घेतो. अखेर भ्रमिष्ट होऊन गावच्या बौद्ध मंदिराला आग लावू पाहतो. घरचेच त्याला कोंडून ठेवतात आणि १८८६ साली त्या कोठडीतच त्याचा अंत होतो. हा नायक तोसोन यांनी आपल्या वडिलांवरून उभा केला आहे.

मेळघाटातील वाचकाला यात परके असे फार थोडे आहे. इंग्रजी अमलात येथील रान राखीव झाले. १९७४ साली व्याघ्रप्रकल्प आला. या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा, कुंड ही गावे उठवून अकोला जिल्ह्यात वसवली गेली. दर वेळी कारण थोर होते, आणि दर वेळी कोरकू माणसाला आपल्याच रानात परवानगी मागावी लागली. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर, २०१२ साली, मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीर गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. हान्झोची मागणी वेडेपणाची नव्हती, हे त्यावरून पटावे.

कादंबरीत दोषही आहेत. कित्येक प्रकरणे दप्तरातील नोंदींसारखी लांबत जातात. हान्झोची मुलगी ओकुमे लग्नाच्या तोंडावर आत्महत्येचा प्रयत्न करते, पण तिच्या मनात लेखक फारसा शिरत नाही. हमाल आणि लाकूडतोडे क्वचितच बोलतात. त्यांच्या वतीने पाटील बोलतो. कोरकूंच्या वतीने बोलणाऱ्या आपणा सर्वांना हा दोष ओळखीचा वाटेल.

आणखी एक गोष्ट ख्रिस्ती वाचकाने विसरू नये. हान्झोची ज्या विद्येवर श्रद्धा, तिच्याच प्रभावाखालील नव्या सरकारने १८६८ पासून नागासाकीजवळच्या उराकामी येथील तीन हजारांहून अधिक ख्रिस्ती लोकांना हद्दपार केले. पिढ्यानपिढ्या गुप्तपणे श्रद्धा जपलेली ही माणसे. १८७३ साली बंदीचे फलक उतरले, तेव्हा वाचलेले घरी परतले. म्हणून हान्झोविषयी केवळ कळवळून भागणार नाही. मंदिराला लावलेल्या काडीत त्याच्या श्रद्धेचा कठोरपणाही आहे, आणि तोसोन यांनी तो झाकलेला नाही. वडिलांविषयी इतक्या प्रामाणिकपणे लिहिणे सोपे नसते.

१८८९ साली किसोचे रान सम्राटाच्या घराण्याच्या मालकीचे झाले. १८९५ मध्ये तैवान आणि १९१० मध्ये कोरिया जपानच्या ताब्यात गेला. कादंबरी लिहिली जात असतानाच, १९३१ साली, जपानी सैन्य मांचुरियात शिरले. जी सत्ता आपल्याच गावकऱ्याचा अर्ज ऐकत नाही, ती शेजाऱ्याचा कशी ऐकणार? धर्मग्रामाच्या वाचनालयात ही कादंबरी असावी, आणि तरुणांनी तिच्यावर एकत्र बसून चर्चा करावी, अशी आमची विनंती आहे.