नळीतला नेमकेपणा

पारशिवनीत, आमडी फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गॅरेजात तयार झालेली ही कृती म्हणजे स्टेनलेस स्टीलची एक नळी. लांबी सुमारे 30 सेंटीमीटर, दोन बाक, दोन्ही टोकांना ओ-रिंगसाठी खाचा. मध्ये हीटरच्या होजसाठी एक फाटा, आणि इंजिनाला धरून राहण्यासाठी दोन कान. ओळखीतल्या एका गुरुजींच्या डिझेल गाडीत ती आता ब्लॉकच्या मागच्या अंगाला, मॅनिफोल्डच्या खाली बसली आहे. बॉनेट उघडलं तरी दिसत नाही. त्या जागी आधी काळ्या प्लास्टिकची नळी होती, ती तडकली आणि कूलंट गळायला लागलं. मिस्त्रीनं ही नवी नळी घडवताना जे काही केलं आणि जे मुद्दाम केलं नाही, त्यात जाणकारानं दाद द्यावी असं बरंच आहे.

आधी मूळ नळीकडे पाहू. काढलेली नळी टेबलावर ठेवली होती. एका बाजूला बारीक उठावाची अक्षरं होती : पीए66-जीएफ30. म्हणजे पॉलिअमाइड 66, रोजच्या भाषेत नायलॉन, आणि त्यात वजनानं 30 टक्के काचेचे तंतू. शेजारी नाण्याहून लहान एक तबकडी, कडेनं 1 ते 12 आकडे, मध्ये बाण आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे. साच्यातून नळी कुठल्या महिन्यात बाहेर पडली याची ती नोंद. पुढे बोट फिरवलं की एका बाकाजवळ केसासारखी रेघ लागते. साच्यात वितळलेल्या प्लास्टिकचे दोन ओघ दोन बाजूंनी येऊन जिथे भेटतात, तिथली ही सांधरेघ. काचेचे तंतू ती रेघ ओलांडत नाहीत, त्यामुळे नळीतली सर्वांत दुबळी जागा तीच. तडा गेला होता तो तिच्यावरूनच. आतली भिंत काळी राहिलेली नव्हती, राखाडी पडली होती. राळ झिजून तंतू उघडे पडले की असा रंग येतो. गुरुजींनी टोकाला चिमटीत धरलं तर तुकडा हातात आला. मिस्त्री म्हणाला, “याले आता हात नका लावू जी, बिस्कुट झालं हे.”

प्लास्टिकला नावं ठेवणं सोपं आहे, पण ते बिनडोकपणे निवडलेलं नसतं. असे बाक, असे कान, असा फाटा धातूत करायचा तर वाकवणं, जोडणं, कातणं आलं. प्लास्टिकमध्ये हे सगळं एका दमात साच्यातून निघतं, वजनाला हलकं आणि गंजण्याची भीती नाही. पीए66 वितळतं साधारण 260 अंशांना, आणि कूलंट फार तर 110 अंशांपर्यंत जातं. कागदावर सगळं ठीक. मात्र ही नळी वितळून मरत नाही, ती पाण्यानं मरते. गरम पाणी आणि ग्लायकॉल नायलॉनच्या लांबलचक रेणूसाखळ्या वर्षानुवर्षं एकेका जागी तोडत राहतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की असल्या क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रातला ढोबळ हिशेब आहे. लवचीक असलेली नळी त्यामुळे हळूहळू ठिसूळ होते, आणि एखाद्या दुपारी रेघेवर फाटते. पाण्याला दाद न देणारी पीपीएससारखी प्लास्टिकंही आहेत, पण ती महाग पडतात.

हे दुखणं स्वस्त गाड्यांचंच आहे असं नाही. फोक्सवॅगनच्या व्हीआर6 इंजिनातली प्लास्टिकची कूलंट नळी इतकी तडकायची, की अमेरिकेतल्या हौशी मालकांनी तिचं नाव ‘क्रॅक पाइप’ पाडलं आणि तिच्यासाठी धातूच्या नळ्या बाजारात आल्या. पोर्शच्या पहिल्या पिढीच्या केयेन व्ही8मध्ये, म्हणजे 2003 च्या सुमारापासूनच्या गाड्यांत, प्लास्टिकच्या नळ्या इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या खोलगट जागेत होत्या. तिथे गळती सुरू झाली तर वरून काही कळत नाही, आणि दुरुस्तीसाठी अख्खा मॅनिफोल्ड उतरवावा लागतो. पुढे कंपनीनंच त्या जागी ॲल्युमिनियमच्या नळ्या आणल्या. अमेरिकेत मालकांचा सामूहिक दावाही उभा राहिला. ज्या जागी हात पोचत नाही, तिथे टिकाऊ वस्तू बसवावी, हे इतक्या मोठ्या कारखान्यालाही उशिराच उमगलं.

पारशिवनीच्या उन्हात हाच धडा लवकर मिळतो. रेडिएटर उष्णता टाकतो ती कूलंट आणि हवा यांच्या तापमानांतल्या फरकाच्या जोरावर. कूलंट 90 अंशांवर आणि हवा 25 वर असेल तर फरक 65 चा. नवतप्यात हवा 45 वर गेली की तो 45 च उरतो, म्हणजे रेडिएटरची जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेली. त्यात वाळूचे टिप्पर आणि गोंडेगावकडचे कोळशाचे ट्रक धूळ उडवतात, ती रेडिएटरच्या जाळीत बसते. गाडी बंद करून उन्हात उभी केली की पंखाही थांबतो आणि इंजिनाची धग बॉनेटखाली कोंडते. मॅनिफोल्डखालची नळी तेव्हा सर्वांत जास्त सोसते.

मिस्त्रीनं कंपनीची नवी नळी घ्यायचं टाळलं, कारण तीही त्याच मसाल्याची होती. एम-सील थापून वेळ मारून नेणंही टाळलं. जुनी नळी नमुना म्हणून घेऊन त्यानं हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या खराद्याकडून दीड मिलिमीटर जाडीच्या स्टीलची नळी वाकवून, टोकं कातून आणली. साधं लोखंड गंजतं, ॲल्युमिनियम वाईट पाण्यात खड्डे पाडून घेतं, म्हणून स्टेनलेस. हीटरच्या फाट्याला टोकाशी उठवलेली कड आहे, ज्युबिली क्लिप तिच्या मागे आवळली की होज निसटत नाही. मुख्य टोकांच्या तोंडाला उतरती धार दिली आहे. ओ-रिंग चढवताना कापली जाऊ नये म्हणून. ही धार नसती तर नळी दिसायला तेवढीच छान दिसली असती आणि पहिल्याच आठवड्यात पाझरली असती.

या कृतीचा गाभा मात्र कानांत आहे. जुन्या नळीच्या एका कानाला गोल छिद्र होतं, दुसऱ्याच्या छिद्राला लांबट आकार होता. घाईतला कारागीर म्हणेल, साच्यातली चूक असेल, आणि धातूत दोन्ही छिद्रं गोल पाडून मोकळा होईल. या मिस्त्रीनं दुसरं छिद्र कानशीनं घासून लांबट केलं, आणि त्यातला बोल्ट नळी सरकू शकेल इतकाच आवळला. विचारलं तर म्हणाला, “पाइपाले बी गरमीत पसरा लागते ना जी. दोन्हीकून बांधलं तर कुठं जाईन तो?” हिशेब मांडून पाहिला तर तो बरोबर निघतो. 30 सेंटीमीटरची स्टीलची नळी 80 अंशांनी तापली की सुमारे 0.41 मिलिमीटर वाढते, तेवढाच ॲल्युमिनियमचा ब्लॉक सुमारे 0.55. फरक 0.14 मिलिमीटरचा, म्हणजे पोस्टकार्डाच्या जाडीहूनही कमी. पण गाडी सुरू-बंद होताना तो हजारो वेळा ये-जा करतो. दोन्ही कान घट्ट असते तर त्याची किंमत कानाच्या जोडानं किंवा ब्लॉकच्या आट्यांनी चुकवली असती. आता ती हालचाल लांबट छिद्रात आणि ओ-रिंगच्या रबरात विनातक्रार जिरते. मूळ आरेखकाला जे कळलं होतं ते मिस्त्रीनं वाचून काढलं आणि जसंच्या तसं राखलं. त्यानं फक्त साहित्य बदललं, विचार बदलला नाही.

बसवण्याची कलाही पाहण्यासारखी. तुटक्या प्लास्टिकची कडी नळीचं टोक बसतं त्या सीटमध्ये अडकून राहिली होती. स्क्रूड्रायव्हर घालून उपटली असती तर मऊ ॲल्युमिनियमवर ओरखडा उमटला असता, आणि ओरखड्यातून कूलंट वाट काढतंच. मिस्त्रीनं आत चिंधी कोंबली, म्हणजे चुरा रेडिएटरपर्यंत जाणार नाही, आणि वाकड्या सुईनं कडी कणाकणानं सोडवली. नवी ओ-रिंग ईपीडीएम रबराची. तिला त्यानं ग्रीस न लावता कूलंटचंच बोट फिरवलं, कारण ईपीडीएम खनिज तेलानं फुगतं. मग रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून एक बारचा दाब दिला आणि काटा हलतो का ते बघत चहा घेतला. काटा जागचा हलला नाही. शेवटी हवा काढण्यासाठी हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवलं. ऐन मे महिन्यात गाडीत हीटर लावून बसलेल्या गुरुजींना घाम पुसताना बघून गॅरेजातले दोघे पोरगे हसत होते, पण पंखा एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत कुणी गुरुजींना खाली उतरू दिलं नाही.

मर्यादाही सांगायला हव्यात. ‘लोखंड ते लोखंड’ असं म्हणत या नळीची आरती ओवाळणं चुकीचं ठरेल. अँबेसेडर आणि पद्मिनीच्या काळात सगळं धातूचंच होतं, डाख दिलेले तांब्या-पितळेचे रेडिएटर होते, आणि तरी घाटात त्या गाड्या बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या असायच्या. धातूची नळी फाट्याच्या वेल्डिंगवर तुटू शकते. थर्मोस्टॅटचं घर, रेडिएटरच्या टाक्या अजून प्लास्टिकच्याच आहेत, त्यांचं वय नळीइतकंच झालं आहे. आणि सर्वांत मोठा धोका पाण्याचा. नवेगाव खैरीचं धरण याच तालुक्यात. तिथलं पेंचचं पाणी नागपूर पितं आणि त्यावर कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रं थंड होतात. तिकडे पाण्यावर प्रक्रिया करूनच ते यंत्रांत सोडतात. इकडे आपण बोअरचं जड पाणी बाटलीनं रेडिएटरात ओततो. त्याच्या क्षारांचं कीटण बसतं आणि ॲल्युमिनियम कुरतडलं जातं. निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर नसेल, तर नळी टिकेल, इंजिन टिकणार नाही. मिस्त्रीनं हे गुरुजींना बजावलं, पण टाकीवर तसं लिहून चिकटवलं नाही. या कामात एवढीच उणीव राहिली; गाडी पुढच्या माणसाच्या हातात गेली की ही नळी स्वतःहून काही सांगणार नाही.

तरी ही कृती उत्तम आहे, आणि ती स्टीलमुळे नव्हे. स्टीलची नळी कुणीही बसवू शकतो. मूळ नळी कशानं मेली आणि तिच्यात काय बरोबर होतं, हे दोन प्रश्न वेगवेगळे धरणं हे कसबाचं काम. पहिल्याचं उत्तर साहित्यात होतं, ते मिस्त्रीनं बदललं. दुसऱ्याचं उत्तर एका लांबट छिद्रात होतं, तिथे त्यानं स्वतःची हुशारी न चालवता कानस चालवली. दुरुस्तीत नवं काय घातलं ते सगळ्यांना दिसतं. जुन्यातलं काय राखलं हे ओळखू येईल त्यालाच या नळीची खरी किंमत कळेल.