डोळा खिळलेला, डोळा चालता

दूर जाणारे रेल्वेचे रूळ एका बिंदूत मिळाले की चित्र बरोबर, न मिळाले की चूक, असे आपण वर्गात सहज सांगतो. जुन्या चिनी चित्रकारांना हे यथार्थदर्शन ठाऊकच नव्हते, असेही म्हटले जाते. दोन चित्रे शेजारी ठेवून हे विधान तपासू.

फ्लॉरेन्सच्या ब्रांकाची चॅपेलमधील मासाच्चोचे ‘कराचे नाणे’ हे भित्तिचित्र साधारण १४२५ ते १४२७ या काळातले. त्यातील इमारतीच्या मागे जाणाऱ्या रेषा वाढवल्या तर त्या ख्रिस्ताच्या मस्तकापाशी मिळतात. पाहणाऱ्याचा डोळा एका जागी खिळला आहे. म्हणूनच खोली भूमितीने बांधता आली. हे मोठेच यश. पण गोष्ट काळात घडते! त्यामुळे पीटर एकाच देखाव्यात तीनदा काढावा लागला: मध्ये आज्ञा ऐकताना, डावीकडे माशाच्या तोंडातून नाणे काढताना आणि उजवीकडे ते देताना. जागा एक, क्षण तीन.

आता बाराव्या शतकातील झांग झेदुआनचे, छिंगमिंग सणाच्या नावाने ओळखले जाणारे नदीकाठचे चित्र घ्या. रेशमाची ही गुंडाळी जेमतेम २५ सें.मी. उंच, पण ५ मीटरहून लांब. ती उजवीकडून थोडीथोडी उलगडत पाहायची. आधी शेते, मग होड्या, मग गर्दीने वाकून पाहणारा कमानदार पूल, शेवटी वेशीतून बाहेर पडणारे उंट. इथे डोळा चालतो, आणि काळ पाहणाऱ्याच्या हातात असतो.

मग हे अज्ञान होते का? होकायंत्राची सुई नेमकी दक्षिणोत्तर राहत नाही, हे नोंदवणारा अकराव्या शतकातील शास्त्रज्ञ शेन कुओ याचे उत्तर देतो. ली छंग हा चित्रकार डोंगरावरच्या इमारतींचे छप्पर खालून दिसते तसे काढी. शेन कुओने त्याला दोष दिला. खऱ्या डोंगराखाली उभे राहून पाहिले तर एकच रांग दिसेल, मागच्या दऱ्या आणि ओढे दिसणार नाहीत, असा त्याचा युक्तिवाद. म्हणजे एका जागेवरून काय दिसते ते त्याला ठाऊक होते. ते त्याला अपुरे वाटले.

या निवडीची किंमतही आहे. पाहणारा नेमका कुठे उभा आहे, हे गुंडाळीवरून भूमितीने काढता येत नाही. तेव्हा विद्यार्थ्याच्या चित्रावर ‘चूक’ लिहिण्यापूर्वी त्याला विचारावे: तू कुठे उभा होतास, की चालत होतास?