उद्देश्य, कर्ता आणि इंग्रजी वाक्य : भंडाऱ्याच्या बोलीच्या अनुषंगाने

ज्याविषयी काही सांगितले जाते ते उद्देश्य आणि जे सांगितले जाते ते विधेय, ही व्याख्या शालेय व्याकरणात इतकी रूढ आहे की तिची परीक्षा सहसा केली जात नाही. इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला मात्र हीच व्याख्या चकविते. ‘देअर आर मेनी लेक्स इन भंडारा’ या वाक्यात त्याने भंडाऱ्यास उद्देश्य ठरविले, तर व्याख्येनुसार तो चुकला असे म्हणता येत नाही. ‘भंडाऱ्यात पुष्कळ तलाव आहेत’ हे विधान भंडाऱ्याविषयीच आहे. इंग्रजी व्याकरण ‘मेनी लेक्स’ हे उद्देश्य मानते, कारण ‘आर’ हे अनेकवचनी क्रियापद त्याच्याशी जुळते. तलाव एकच असता तर ‘इज’ आले असते.

या विसंगतीचे मूळ परिभाषेत आहे. संस्कृत शास्त्रपरंपरेत उद्देश्य म्हणजे आधी ज्ञात असलेले, विधेय म्हणजे नव्याने सांगावयाचे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त सांगितलेला अविमृष्टविधेयांश हा दोष याच भेदावर उभा आहे. हा भेद अर्थाचा होता, रूपाचा नव्हे. इंग्रजी धर्तीच्या वाक्यपृथक्करणास तीच नावे दिली गेली आणि एका संज्ञेत दोन कल्पना मिसळल्या. क्रियापद कोणाशी जुळते हा प्रश्न मराठीत वस्तुतः प्रयोगविचाराचा आहे. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) त्याचे सविस्तर विवेचन आढळते.

दुसरा घोटाळा कर्त्याचा. ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी भाकरी खाल्ली’ या प्रमाण वाक्यांत ‘मी’ला प्रत्यय दिसत नाही, त्यामुळे तो इंग्रजी ‘आय’सारखाच भासतो. भंडाऱ्याकडील, किंबहुना एकूण विदर्भातील, बोलण्यात ‘मीनं आंबा खाल्ला’ असे रूप ऐकू येते. तेथे कर्ता तृतीयेत उघड दिसतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे चालते हेही उघड होते. ज्या रूपास वर्गात अशुद्ध म्हणून टोकले जाते, तेच कर्ता आणि क्रियापदाशी जुळणारे पद यांतील भेद दाखविते. हा भेद ध्यानी आला म्हणजे ‘द मँगो वॉज ईटन बाय मी’ या वाक्यात खाणारा ‘मी’ असूनही उद्देश्य ‘मँगो’ का, हे निराळे सांगावे लागत नाही.

तात्पर्य, इंग्रजी उद्देश्य ओळखण्यासाठी ‘कोणाविषयी?’ हा प्रश्न अपुरा, आणि ‘कोणी केले?’ हाही अपुरा. क्रियापद कोणाशी जुळते, ही कसोटी प्रथम लावली पाहिजे; आणि ती शिकविताना विद्यार्थ्याची बोली ही अडचण नव्हे, आधार होय.